शेवंताबाईंनी नाव घेतलं

शेवंताबाई गायधने कॅनडात, हॅमिल्टनला आमच्या बेसमेंटमध्ये राहायच्या, तेव्हा जिना उतरला की ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा. आता मी भाकरी टाकली की नुसता स्मोक अलार्म वाजतो. त्या दिवसांची फार आठवण येते.

बाई भंडाऱ्याकडच्या. नवऱ्यामागोमाग इथे आल्या, हॉटेलच्या किचनमध्ये राबल्या. नवरा एका विंटरमध्ये उठून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सरे शहरात गेला, तो गेलाच. तरी आमच्या आंबेडकर असोसिएशनच्या जेवणात बायका ‘नाव घ्या, नाव घ्या’ म्हणून मागे लागल्या, की बाई लाजत, पदर सारखा करत आणि म्हणत,

‘भाकरीला माझ्या पापुद्रा आला छान,
मिलिंदरावांचं नाव घेते, राखते सगळ्यांचा मान.’

माझं डोकंच फिरायचं. पळपुट्याला कसलं आलंय राव!

एरवी ते नाव त्यांच्या तोंडून निघत नसे. उखाण्याशिवाय घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं त्यांच्या आईने लग्नात बजावलेलं. मी पुष्कळ वाद घातला. पालथ्या घड्यावर पाणी!

पुढे पाठीने दगा दिला, काम सुटलं आणि सरकारी मदत सुरू झाली. एकदा ऑफिसात त्यांना विचारलं, नवऱ्याचं नाव काय, राहतो कुठे? त्याच्याकडूनही खर्च मागायला हवा. बाईंनी मान खाली घातली आणि पासपोर्टवर आपल्या नावाच्या मधोमध बोट ठेवलं.

‘दॅट्स युवर नेम, मॅम. आय नीड हिज.’

बाईंनी पुन्हा तिथेच बोट ठेवलं. आपल्याकडे बाईच्या नावात नवऱ्याचं नाव असतं, हे त्या माणसाला कसं कळावं? बाई सहकार्य करत नाहीत, असा शेरा मारून त्याने मदत बंद केली. आता बाई खाणार काय?

मी अपील करायला लावलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘अरुणाताई, तुमीच घ्या ना नाव. तुमाले चालते.’

सुनावणीत मी पासपोर्टचा घोळ नीट समजावून सांगितला. समोरच्या अधिकारी बाईंना तो पटलाही. पण त्या म्हणाल्या, ‘आता सहकार्य करणार का, हे मला यांच्याच तोंडून ऐकायचंय.’

दुभाष्याने ते मराठीत सांगितलं. मी हळूच म्हटलं, ‘बाई, उखाणा घ्या.’ पापुद्र्याचं इंग्रजी करताना दुभाष्याची कशी तारांबळ उडेल, म्हणून मला हसूही येत होतं.

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, ‘मिलिंद गायधने. सरेले राह्यते.’

नुसतं नाव. राव नाही, भाकरी नाही. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

शेरा तिथेच रद्द झाला, मदतही सुरू झाली. हल्ली बाई सीनियर्सच्या बिल्डिंगमध्ये राहतात. जेवणाला येतात, पण उखाणा घेत नाहीत, आणि मीही कुणाला आग्रह करू देत नाही.

त्या दिवशी जिंकून बाहेर आलो, तर बसस्टॉपवर बाई मला खेटून उभ्या राहिल्या. मला वाटलं, थंडीने.

‘ताई, त्याले काई होनार तं नाई ना?’

मी भडकलेच. ‘काही होत नाही त्याला! शंभर वर्षं जगेल मेला!’

बाईंनी डोळे पुसले. ‘तुमच्या तोंडात साखर पडो,’ म्हणाल्या.