आबा मंडीत गेले

माझे वडील हैदराबादेत हरवले तेव्हा मी स्थलांतर या विषयावर बोलत होते.

मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. अकरा विद्यार्थ्यांना घेऊन बारकसला गेले होते. ही हैदराबादची अरबांची वस्ती. यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत चाकरीला म्हणून येमेनहून आले आणि इथलेच झाले. मी तीन पुस्तकं वाचून गेले होते. गाडीत एक सीट रिकामी होती, म्हणून धामणगाव बढेहून आबाही आले. जन्मभर मिरची पिकवली, पण हैदराबाद पाहिलं नव्हतं.

चौकात पोरांना गोल उभं करून मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म वाटला आणि पहिला प्रश्न समजावू लागले : 'स्थलांतराचे प्रेरक घटक कोणते?' दहा मिनिटांनी वैष्णवीनं हात वर केला. मला वाटलं, शंका असेल.

"मॅडम, आबा नाही दिसून राह्यले."

आबा खरंच नव्हते. त्यांचा मोबाईल होता, पण माझ्या पर्समध्ये. (हरवू नये म्हणून मीच ठेवून घेतला होता. मोबाईल हरवू नये म्हणून!)

समोरच्या अत्तरवाल्याला विचारलं.

"धोतर-टोपीवाले चाचा? मंडी पूछ रहे थे. मंडी में गए होंगे."

माझा जीव भांड्यात पडला. मिरचीवाला माणूस, मंडीतच जाणार. "इथून कोणी हलायचं नाही," असं पोरांना बजावून मी रिक्षा पकडली.

"कौन सी मंडी, मॅडम?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"सब्जी मंडी. और कौन सी?"

 मग त्यानं रिक्षा काढली.

अर्ध्या तासानं भाजीबाजार आला. मिरचीच्या ढिगाऱ्याशी पांढरं धोतर, पांढरी टोपी, पाठीत तोच बाक. मी धावत जाऊन दंड पकडला. "आबा, सांगून जाता नाही येत का तुमाले?"

माणूस वळला. त्याला भल्या मोठ्या मिशा होत्या आणि तो तेलुगूत बोलला. शब्द कळले नाहीत, पण सूर आबांचाच होता.

मग मी लिलाववाल्याचा भोंगा मागून घेतला. "आबा, असान तिथून मिरचीपाशी या!" चार म्हातारे आले. त्यातला एकही माझा नव्हता.

 आईला काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागले. 'आबांना घेऊन गेले होते' इथपर्यंत वाक्य जमत होतं. पुढचं जमेना.

तेवढ्यात वैष्णवीचा फोन आला. "मॅडम, आबा सापडले."

"कुठं?"

"मंडीत."

"अवं, मंडीत तं मी हाओ."

"तुमी भाजीमंडीत हा, मॅडम. इथं मंडी म्हंजे भात. मटणाचा, येमेनी. चौकातच हाटेल हाय."

तीन पुस्तकं वाचली होती मी. एकातही भात नव्हता.

झालं होतं असं, की आबांनी 'मंडी किधर है' विचारलं, तर हॉटेलवाल्यानं हाताला धरून आत नेलं आणि 'कितने लोग' विचारलं. आबांनी माणसं मोजून तेरा सांगितली. ताटं मांडली गेल्यावर आबाच चौकात येऊन पोरांना जेवायला घेऊन गेले. (पोरं माझं ऐकून उभी होती, पण भात म्हटल्यावर हलली.)

मी पोचले तेव्हा सगळे जमिनीवर परातीएवढ्या ताटांभोवती बसलेले. आबांच्या शेजारी हॉटेलचा म्हातारा मालक.

"अपना मूळ गाव देखा क्या कभी?" आबा विचारत होते.

"नहीं चाचा. हमारे दादा रोज नाम लेते थे. हम बस नाम जानते."

"पानी कैसा है उधर?"

"कम है बोलते."

"मंग हमारे जैसाच है," आबा म्हणाले आणि त्याच्याकडे भात सरकवला. वैष्णवीची वही भरत आली होती. माझे फॉर्म ताटांखाली अंथरले होते.

आबांनी मला पाहिलं. "ये वं बाई, बस. कुठं हिंडून राह्यली होती? पोरं केव्हाची वाट पाहून राह्यले."

आठवड्याभरानं वैष्णवीनं लिहिलेला अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर गेला. शेवटच्या पानावर ओळ होती : 'दौऱ्यात एक सदस्य हरवला, तो दुपारी रिक्षाने सुखरूप परत आला.'

प्राचार्यांनी काळजीनं विचारलं, "वय झालं ना. आबा बरे आहेत का आता?"

"हो सर, आता बरे आहेत," मी म्हणाले, आणि खाली सही केली.