माहेरच्या नावाची गोळी

कुमुदमावशी पासष्टी ओलांडलेल्या कोणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ‘गोळ्या किती?’ असं विचारत. समोरच्याने ‘पाच’ म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, ‘सकाळच्या किती, रात्रीच्या किती आणि बायकोला माहीत नसलेल्या किती?’ माणूस हसायचा. मावशी हसत नसत. त्या उत्तराची वाट बघत.

माझी त्यांची ओळख शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत झाली. मी नाशिकला इंग्लिश मीडियममध्ये शिकले. मराठी बोलताना मधेच एखादा शब्द सापडत नाही, आणि मग मी बोलणंच सोडून देते. अशा कार्यक्रमांत मी चपलांच्या रॅकपाशी उभी राहते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला कोणी ‘जॉब कुठे, लग्न कधी’ विचारत नाही. ते माणूस निघायच्या घाईत आहे असं सगळ्यांना वाटतं. मावशी स्वतःची डावी चप्पल शोधत आल्या, ती त्यांना सापडली, आणि ती पायात घालता घालता त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

“पाऊण तास बघतेय. तू एक शब्द बोलली नाहीस. मुकी आहेस का?”

मी आडवी मान हलवली.

“टाइप करता येतं?”

मी पुन्हा मान हलवली, यावेळी उभी.

“मग शनिवारी दहा वाजता लायब्ररीत ये, मुके. स्थळं बघायची आहेत.”

माझ्यासाठी असतील या भीतीने मी ती रात्र नीट झोपले नाही. तरी गेले, कारण नाही म्हणायला बोलावं लागतं.

स्थळं माझ्यासाठी नव्हती, गोळ्यांसाठी होती. पासष्टीनंतर इथे मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळतो, पण औषधांचा विमा खासगी कंपन्यांच्या प्लॅन्समधून वेगळा निवडावा लागतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून सात डिसेंबरपर्यंत तो बदलता येतो. कंपन्या दर वर्षी आपल्या याद्या बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी स्वस्तात मिळणारी गोळी यंदा त्याच प्लॅनमध्ये महाग झालेली असते. सरकारी साइटवर आपल्या गोळ्यांची नावं टाकली की कुठल्या प्लॅनमध्ये वर्षाचा एकूण खर्च किती, ते दिसतं. मंडळातल्या निम्म्या काका-काकूंसाठी हे काम मावशी फुकट करत. इंजिनीअर असलेले काका तर हटकून त्यांच्याकडे येत. आयुष्यभर पूल बांधलेल्या माणसांना तो तक्ता वाचता येत नसे.

त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं मावशी शिकागोच्या आसपासच्या मराठी मुलामुलींची लग्नं जुळवत. पुढे मुलं फोनवर आपापली जुळवू लागली आणि मावशींचा धंदा बसला. हा त्यांचाच शब्द. पैसे त्यांनी तेव्हाही घेतले नव्हते. बायोडाटे ठेवायची जाड निळी फाइल मात्र उरली. तिच्यात ‘मुले’ आणि ‘मुली’ असे दोन भाग होते. आता ‘मुले’मध्ये काकांच्या गोळ्यांच्या याद्या होत्या आणि ‘मुली’मध्ये काकूंच्या. बोलण्याची भाषाही त्यांनी बदलली नव्हती.

सबनीसकाका आले ते हातात जाहिरात घेऊनच. “हा बघा, झीरो प्रीमियम. महिन्याला एक पैसा नाही.”

“प्रीमियम म्हणजे मुलाचा फोटो,” मावशी म्हणाल्या. “फोटो छान आहे. घर बघितलंत?”

“घर म्हणजे?”

“तुमची साखरेची गोळी त्यांच्या यादीत कितव्या पंगतीला बसते, ते. पहिल्या पंगतीला बसली तर जवळजवळ फुकट जेवते. चौथ्या पंगतीला बसली तर तुम्हाला जेवते. आणि आधी डिडक्टिबल, सुरुवातीचा खर्च तुमचा. म्हणजे रुखवत तुम्ही मांडायचा, मग ते वाढायला घेणार.” मग माझ्याकडे वळून, “मुके, टाइप कर.”

मी टाइप केलं. सबनीसकाकूंची एक गोळी साइटला सापडेना. त्यांनी पर्समधून पुण्याहून आणलेली स्ट्रिप काढली आणि नाव वाचून दाखवलं. साइटला तेही कळेना. काकू घाबरल्या, की आता ही गोळी अमेरिकेत नाहीच.

“अहो, हे तिचं माहेरचं नाव,” मावशी म्हणाल्या. “इथे येऊन तिचं नाव बदललं. मागे बारीक अक्षरात बघा, तिचं खरं नाव असेल. त्यावरून सासरचं नाव शोधायचं. मुलगी तीच असते.”

त्या शनिवारपासून माहेरच्या नावांवरून गोळ्यांची सासरची नावं शोधणं हे माझं काम झालं. मला ते फार आवडलं. एक तर त्यात बोलावं लागत नव्हतं.

काकू पाणी प्यायला बाहेर गेल्यावर सबनीसकाका माझ्याऐवजी टेबलाकडे बघत म्हणाले, “एक अजून आहे. ती लिहायची राहिली.”

“माहीत आहे,” मावशी म्हणाल्या. “ती या विम्यात बसत नाही. सरकार म्हणतं, तो उत्साह स्वखर्चाने.”

काका कानापर्यंत लाल झाले. मावशींनी मात्र आवाज खाली आणला नाही. “पण मला सांगितलीत हे बरं केलंत. हृदयाच्या गोळीशी तिचं जमतं का, ते डॉक्टरला विचारा. गोळी लपवायची नाही. मंगळ लपवलेली पत्रिका मी तेव्हाही घेतली नाही.” हे शेवटचं वाक्य दर शनिवारी एकदा तरी व्हायचं. दोन मोसमांत मला ते त्यांच्या आवाजात पाठ झालं.

मी बोलत नसल्यामुळे मला बघायला खूप वेळ मिळतो. मावशी स्वतः कधी काही लिहीत नसत. उजवा हात मांडीखाली दाबून बसत. “थंडी आहे,” असं म्हणत, त्या हीटर लावलेल्या खोलीत, जिथे मी स्वेटर काढून बसलेली असे. थर्मासमधला चहा देताना मला बजावत, “अर्धाच कप. काठोकाठ भरलेला चहा गावंढळ दिसतो.” पहिल्या वर्षी त्या कप एका हाताने धरत. दुसऱ्या वर्षी दोन्ही हातांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी गाडी मागे घेताना लायब्ररीची पुस्तकं परत टाकायची लोखंडी पेटी ठोकली, आणि उतरून पेटीलाच म्हणाल्या, “इथे कशाला उभी राहिलीस?” मी हसले. घरी जाऊन मात्र ते मला हसण्यासारखं वाटेना.

डिसेंबरचा पहिला शनिवार होता. बाहेर बर्फ पडत होता, शेवटची मंडळी उरकून गेली होती. मावशी किल्ल्यांसाठी पर्स चाचपत होत्या. हात ऐकेना, पर्स उलटी झाली. रुमाल, वेलदोड्याची डबी आणि एक स्ट्रिप खाली पडली. मी उचलून दिली. तिच्यात तीन गोळ्या उरल्या होत्या.

“चल,” त्या म्हणाल्या. “माझं गेल्या वर्षीचंच स्थळ राहू दे. माझी काय, एक बीपीची गोळी.”

मी लॅपटॉप बंद केला नाही. “मावशी, एक राहिली.”

“कुठली?”

“तुम्हीच मला माहेरची नावं वाचायला शिकवलं.”

त्या मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या आईकडे बघावं तशा माझ्याकडे बघत राहिल्या. कंपवाताची गोळी होती. ते आम्हां दोघींनाही माहीत होतं, आणि दोघींनीही तो शब्द उच्चारला नाही.

“तू मुकी आहेस म्हणून तुला ठेवलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या.

मग थोडं थोडं बाहेर आलं. इथल्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच गोळी लिहून दिली होती. मावशींनी ती इथल्या दुकानात कधी मागितलीच नाही, कारण त्यांच्या औषधांच्या खात्यावर मुलाचा फोन नंबर होता. नवीन गोळी घेतली की राहुलला मेसेज. राहुल मिनेसोटात, ईडन प्रेरीला. त्याने तळघरात आईसाठी खोली तयार करून ठेवली होती, आणि कारणाची वाट बघत होता. म्हणून गोळी पुण्याहून भाच्याच्या बॅगेतून यायची. यंदा भाच्याने ट्रिप कॅन्सल केली.

“तीन दिवसांनी काय करणार?” मी विचारलं.

“एक दिवसाआड घेतेय. सहा दिवस.”

“मावशी, मंगळ लपवलेली—”

“माझीच वाक्यं मला ऐकवू नकोस. मला येतात ती.” त्या खिडकीकडे बघत राहिल्या. त्यांची गाडी बर्फाखाली हळूहळू पांढरी होत होती. “टाइप केलंस की काय होईल, तुला कळतंय ना? आधी गाडी जाईल. मग घर. मग मी कोणाच्या तरी तळघरात बसून नातवाला मराठी शिकवीन आणि तो मला ‘व्हॉटेव्हर, आजी’ म्हणेल.”

मला कळत होतं. आपण गप्प बसलो तर हे आहे तसं चालू राहील, हेही कळत होतं. माझं सगळं आयुष्य तसंच चालू आहे. पण ती ठोकलेली पेटी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि पेटीच्या जागी पुढच्या वेळी कोण उभं असेल ते सांगता येत नव्हतं.

“सात तारखेनंतर वर्षभर बदलता येत नाही,” मी म्हणाले. “तुम्हीच म्हणता. एकदा अक्षता पडल्या की डिसेंबरपर्यंत नांदायचं.”

मग त्यांनी मांडीखालचा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. लपवायचं नसल्यावर तो जरा जास्तच थरथरला.

“टाइप करा, ऋता,” त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं.

मी सासरचं नाव टाइप केलं. पहिल्या क्रमांकावरचं गेल्या वर्षीचं स्थळ घसरत घसरत तळाला गेलं. त्या कंपनीच्या यादीत ही गोळी नव्हतीच. दुसऱ्या पानावरचा, फोटोत अजिबात बरा न दिसणारा प्लॅन वर आला. आम्ही तो घेतला. तो जानेवारीत सुरू होणार होता, पण सोमवारीच त्यांनी स्वखर्चाने इथल्या दुकानातून गोळी आणली. संध्याकाळी राहुलचा फोन आला.

नंतरचं सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणेच झालं, फक्त जास्त वेगाने. जानेवारीत गाडी गेली. मार्चमध्ये घराला गिऱ्हाईक मिळालं. मी खोके भरायला जात होते. मावशी नीट वागत होत्या, आणि तेच वाईट होतं. ‘ऋता, टेप द्या.’ ‘ऋता, तुम्ही जेवून जा.’ मला ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या त्या नेपरव्हिलमधल्या एकमेव मराठी बाई असतील. शेवटच्या दिवशी मी निघताना त्यांनी निळी फाइल माझ्या हातात दिली. मी ‘येते’ म्हटलं. त्या ‘या’ म्हणाल्या.

एप्रिल तसाच गेला. आपण बरोबर वागलो, असं मी स्वतःला सांगत असे. मला स्वतःशी बोलताना शब्द कमी पडत नाहीत, तरी पटत नव्हतं.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला आणि नेहमीप्रमाणे पलीकडचं माणूस बोलायची वाट बघत राहिले.

“अजून मुकीच आहेस वाटतं,” पलीकडून आवाज आला. “लॅपटॉप उघड. राज्य बदललं की प्लॅनही बदलावा लागतो म्हणे. त्यासाठी डिसेंबरची वाट बघायची गरज नाही. या वयात मला पुन्हा उजवायला निघालेत. इथली स्थळं मी बघितली, फोटो सगळे छान आहेत, म्हणजे काहीतरी गडबड आहे. आणि इथे तळघरात माझ्या वयाच्या तिघी-चौघी जणी येऊन बसल्यात आपापल्या गोळ्यांच्या पिशव्या घेऊन. त्यांचंही करायचंय.”

मागून राहुलचा आवाज आला, “आई, स्पीकरवर आहे फोन.”

“असू दे.” मग त्यांनी घसा साफ केला आणि त्या तळघरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सगळ्यात आधी, त्या गोळीचं सासरचं नाव सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, स्पेलिंगसकट.

“घेतलंस का, मुके?”

“घेतलं, मावशी,” मी म्हणाले. “पुढची सांग.”

घाईत ‘सांगा’ म्हणायचं राहिलं. त्यांनी ते ऐकलं, टोकलं नाही, आणि बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं.