वाळूतली अष्टभुजा

माझ्या मोठ्या भावाचा जालन्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, पुढाऱ्याचा वाढदिवस, जे येईल ते तो करतो. पौषात लग्नं नसतात. त्या महिन्यात रिकामं बसण्यापेक्षा तो हौशी लोकांचा गट जमवतो आणि अमावास्येच्या आसपास राजस्थानच्या वाळवंटात घेऊन जातो. तिथं त्यांना सूर्यास्ताचे आणि रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी त्या गटात मीही होते.

मी एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत काम करते. ओल्या कागदावर कपाशीच्या बिया मांडून ठेवायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं, असं ते काम. मी कायम दिवसपाळीच मागून घेत आले, कारण मला रात्री दिसत नाही. दिवसा नीट दिसतं, अगदी बीवरचा ओरखडासुद्धा. पण दिवेलागण झाली की माझ्यासाठी सगळं मिटतं. पेटलेली बत्ती दिसते, बत्तीच्या आसपासचं काही दिसत नाही.

लहानपणी हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. वडिलांची मेंढरं होती. सुगी झाली की जाफराबादकडच्या कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची आणि आम्ही तिथंच उघड्यावर झोपायचो. वडील घोंगडीवर पडल्या पडल्या वर बोट करायचे. ‘‘त्यो मृग. त्याच्या पोटात बाण घुसलाय बघ. दिसला का?’’ भाऊ म्हणायचा, दिसला. मग मीही म्हणायचे, दिसला. मला वाटायचं, असं म्हणायचीच रीत असते. मोठी झाल्यावर संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातला पडदा जन्मापासूनच झिजत चाललाय, पुढं दिवसाचंही कमी होत जाईल, आणि यावर औषध नाही.

वाळवंटात जायचं माझ्या मनात आलं ते भावाच्या मोबाइलमुळं. आधीच्या सहलीतला एक फोटो त्यानं मला दाखवला. काळ्यावर पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या मागं आणखी बारीक ठिपके, पीठ सांडल्यासारखे. मी विचारलं, ‘‘हे एवढं सगळं वर असतं?’’

‘‘मंग? रोजच असतं.’’

चाळिशी जवळ आली होती आणि चांदण्या मी पहिल्यांदा बघत होते. त्याही दुसऱ्यानं काढलेल्या फोटोत. मला वाटलं, आपला आपण एक काढावा. डोळ्यांचं भावाला माहीत होतं. दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. मी त्याला म्हणाले, ‘‘दादा, मी येते. पण लोकांत सांगू नको. उगं कीव करत्यात.’’

‘‘फिकर नको करू. मी हाय ना,’’ तो म्हणाला.

नवरा मुलांपाशी थांबला आणि मी निघाले.

पहिला धडा सूर्यास्ताचा होता. भाऊ वाळूच्या टेकडीवर उभा राहून सांगत होता, उजेड आकाशाचा मोजा, उंटाचा न्हाई. उंट काळाच पडू द्या. त्याची शिकवायची तऱ्हा कडक होती. फोटो बघायचा आणि म्हणायचा, ‘‘खोडून टाका.’’ घनसावंगीचा एक बियाण्यांचा दुकानदार नवाकोरा कॅमेरा घेऊन आला होता. त्याला भाऊ म्हणाला, ‘‘शेठ, एवढ्या भारी कॅमेऱ्यात असला फोटो काढायला बी अक्कल लागती.’’ सगळे हसले. दुकानदारही हसला, पण नंतर कॅमेरा घेऊन लांब जाऊन बसला. लोकांना भावाचं असलं बोलणं आवडायचं. आपल्यावर नसलं की जास्तच.

माझा सूर्यास्त बरा आला होता. उंटांची रांग काळी कुळकुळीत, मागं आभाळ तांबडं, आणि वाळूच्या कडेवर तेवढीच एक उजेडाची रेघ. भावानं कॅमेरा हातात घेतला, पाहिलं आणि परत दिला. ‘खोडून टाक’ म्हणाला नाही, एवढ्यानंच मला बरं वाटलं. माझ्या तंबूत जाफराबादच्या एक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, तुमचा हात चांगला हाय.’’

रात्रीसाठी मी उजेड असतानाच तयारी करून ठेवली. कॅमेऱ्याचं तिकाटणं वाळूत घट्ट रोवलं, भिंग दूरवर जुळवून ते फिरू नये म्हणून कडेला चिकटपट्टी मारली, शटर पंचवीस सेकंदांवर ठेवलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसून राहिले. अंधार पडला. सगळे वर बघून ‘आहाहा’ करू लागले. मला माझ्या मांडीवरचा हातही दिसत नव्हता. मी बटण दाबलं, थांबले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला.

मृग होता. वडील म्हणायचे तसाच, पोटात बाण. मी बोटानं तो मोठा केला. बाणाच्या तीन चांदण्या एका रेषेत होत्या आणि त्यांच्या खाली धुरकट काहीतरी लोंबत होतं. मी त्या पडद्याशी तोंड नेऊन किती वेळ बसले मला माहीत नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. असते तर त्यांना खरं सांगता आलं असतं, आता दिसला म्हणून.

जेवायला हाका आल्या. मी हातातली बत्ती लावून उठले. बत्तीच्या उजेडाचा छोटा गोल पायापुढं होता, पण बाजूचं काही दिसेना. पाचसहा पावलांवर पायात काहीतरी अडकलं आणि मी आडवी झाले. ते दुकानदाराचं तिकाटणं होतं. अंधार पडल्यापासून तो एकाच जागेवरून एकामागून एक फोटो घेत होता; ते सगळे जोडून चांदण्यांची वर्तुळं करायची होती. कॅमेरा हलला, शिवाय माझ्या बत्तीचा उजेड आत गेला. सगळं वाया गेलं.

‘‘ताई, डोळे हायत का न्हाईत?’’ तो ओरडला.

मी माफी मागणार होते. तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला. ‘‘न्हाईत, शेठ. तेच तर सांगून राह्यलो. आमची ही रातांधळी हाय. आंधळीला चांदण्या दाखवायला आणलंय मी.’’

काही जण हसले. मला वाटलं, तो तेवढ्यावर थांबेल. पण दिवसभर त्यानं दुकानदाराला डिवचलं होतं आणि आता त्याचा राग घालवायला त्याला माझी गंमत सापडली होती. शेकोटीपाशी तो सगळ्यांना सांगू लागला. लहानपणी मी अंधारात मेंढरू समजून कुत्र्याला कशी मिठी मारली होती, लग्नात रात्रीच्या वरातीत पाहुण्याच्या पाया पडायच्या ऐवजी बँडवाल्याच्या कशी पडले होते. मग त्यानं मला शेकोटीकडं पाठ करून बसवलं आणि विचारलं, ‘‘सांग, किती बोटं?’’

‘‘दादा, पुरे.’’

‘‘अगं, सांग तरी. मजाक हाय.’’

‘‘तीन.’’

मोठा हशा झाला. शिक्षिकाबाई हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘‘त्यांनी हातच वर केला नव्हता.’’ सांगताना त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तंबूतून बाहेर पडले नाही. संध्याकाळी भाऊ आला, खाटेवर बसला. आवाज अगदी मऊ होता. ‘‘नाराज झालीस? लोकांचं मन राखावं लागतं गं. धंदा हाय. आज तू काहीच करू नको. टेकडीवर नुसती उभी राहा, मी तुझाच फोटो काढतो. वर सगळं आभाळ, खाली तू एकटी. माय बघून खूश होईल.’’

तो असा मऊ बोलला की मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशीही ऐकलं.

अंधार पडल्यावर त्यानं माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला टेकडीच्या माथ्यावर नेलं. माझी बत्ती काढून घेतली. फोटोत उजेड येईल म्हणाला. ‘‘मी सांगेपर्यंत हलायचं न्हाई,’’ असं बजावून तो खाली उतरला. वाळूत पावलांचा आवाज होत नाही, त्यामुळं तो किती लांब गेला ते मला कळलं नाही.

मी उभी राहिले. वारा सुटला होता. बऱ्याच वेळानं मी विचारलं, ‘‘झालं का?’’ उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मग मोठ्यानं हाक मारली, ‘‘दादा.’’ कुणीच बोललं नाही. लोक दुसऱ्या टेकडीकडं निघून गेले आणि मी राहून गेले, असं मला वाटलं.

तेवढ्यात डावीकडं बत्ती चमकली. मी हात पुढं करून तिकडं वळले, तशी ती विझली. मग उजवीकडं चमकली. मी तिकडं वळले, तीही विझली. मग मागं, मग पुन्हा डावीकडं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आला, न्यायला आला. प्रत्येक वेळी मी हात पसरून एक पाऊल टाकायचे आणि पुन्हा तो काळोख. ‘‘दादा, मला दिसून नाही राह्यलं,’’ मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता. शेवटी पाय उताराला लागला आणि मी पडून घसरत खाली आले. तोंडात वाळू गेली.

आणि अगदी जवळ, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, कुणीतरी फिस्सकन हसलं. शिक्षिकाबाईंचं हसू होतं ते. मग सगळेच हसले. गोल करून ते तिथंच उभे होते, पहिल्यापासून.

मला उठवायला कुणी आलं नाही, कारण सगळे भावाच्या कॅमेऱ्याभोवती जमले होते. ‘‘हे बघा,’’ तो सांगत होता. ‘‘शटर उघडं ठेवायचं, बत्ती थांबून थांबून मारायची. जितक्या वेळा उजेड, तितके हात एकाच फोटोत. याला म्हणत्यात फोटो.’’ दुकानदार म्हणाला, ‘‘वा. कालचं सगळं वसूल झालं.’’

मी उठून त्या आवाजाकडं गेले. ‘‘दादा, तू मुद्दाम केलंस.’’

‘‘आधी फोटो तर बघ,’’ तो म्हणाला आणि कॅमेरा माझ्या तोंडापुढं धरला.

मी पाहिलं. वर चांदण्यांचा सडा होता. खाली टेकडीच्या माथ्यावर एक बाई होती, तिला चेहरा नव्हता आणि चारही बाजूंना पसरलेले हात होते, एकातून एक उगवल्यासारखे. फोटो सुंदर होता. तो वाईट असता तर मला रागावता तरी आलं असतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते रोलिंग मिलमध्ये आहेत, कमी बोलतात. ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘जायचं का त्याच्याकडं?’’ मी नको म्हणाले. माय अजून होती, तिला दोन्ही घरं हवी होती.

महिनाभरात तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागला, पुरुषभर उंचीचा, मागून दिवे लावून. खाली नाव होतं, अष्टभुजा. लोक थांबून बघायचे. शेजारच्या दागिन्यांच्या दुकानात आलेल्या बायका चप्पल काढून नमस्कार करून जायच्या.

माय गावाहून आली तेव्हा भावानं तिला मुद्दाम तिथं आणलं. मीही होते. ती बराच वेळ बघत राहिली. ‘‘कुठली देवी म्हणायची ही?’’

‘‘वाळवंटातली हाय, माय,’’ भाऊ म्हणाला.

‘‘माय, ती मी हाय,’’ मी म्हणाले.

माय हसली. ‘‘चल. काहीतरीच.’’ कमरेच्या पिशवीतून तिनं कुंकवाची पुडी काढली आणि काचेवर, जिथं कपाळ असायला हवं होतं तिथं, बोट टेकवलं. भाऊ माझ्याकडं बघत होता.

पुढच्या पौषाच्या आधी भावाचा फोन आला. म्हणाला, यंदा पण चल, लोक विचारून राह्यलेत, तसाच एक फोटो अजून काढू. मी फोन ठेवला आणि कामावरून सुटल्यावर सरळ स्टुडिओत गेले. आत एक कुटुंब लग्नाचं ठरवायला बसलं होतं, नवरीमुलगी, तिचे आईवडील. मी त्यांच्यासमोरच बोलले. ‘‘बाहेरचा फोटो माझा आहे. मला रात्री दिसत नाही. यानं मला वाळवंटात एकटीला उभं केलं, बत्ती दाखवून दाखवून फिरवलं, मी रडत होते आणि गटातले सगळे भोवती उभे राहून हसत होते. ते हात देवीचे नाहीत. मी वाट शोधत होते.’’

मला वाटलं, आता तरी त्याची मान खाली जाईल.

भाऊ उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या लोकांना म्हणाला, ‘‘बघा, हीच ती. आमची सख्खी बहीण. उगंच न्हाई एवढा जिवंत फोटो आला.’’

नवरीमुलीचे वडील म्हणाले, ‘‘अरे वा.’’ तिची आई माझ्याकडं कौतुकानं बघू लागली. मुलगी मोबाइल घेऊन उठली. ‘‘ताई, जरा त्या फोटोपाशी उभ्या राहता का? माझ्यासोबत?’’

मी बाहेर आले. ती मागोमाग आली, माझ्या शेजारी उभी राहिली, हसली, फोटो काढून आत गेली. मी हललेही नव्हते. तेवढ्यात अंधारून आलं होतं आणि स्टुडिओच्या पायऱ्या मला दिसेनाशा झाल्या होत्या. भाऊ दारातून म्हणाला, ‘‘थांब, पोराला सांगतो, घरी सोडंल.’’

‘‘नको,’’ मी म्हणाले.

मी नवऱ्याला फोन केला आणि त्या काचेला पाठ लावून उभी राहिले. मागच्या दिव्यांनी पाठ गरम होत होती. रस्त्यावरून लोक जात होते. काही थांबत होते, फोटोकडं बघत होते, मग माझ्याकडं. बऱ्याच वेळानं नवऱ्याची गाडी आली. ते उतरले, त्यांनी आत बघितलं, काचेकडं बघितलं आणि माझा हात धरून एकेक पायरी सांगत मला खाली उतरवलं.

भाऊ यंदाही गट घेऊन गेला. तो फोटो अजून तिथंच आहे. कुंकू त्यानं पुसू दिलेलं नाही.