जानेवारीच्या भावातली खोली

आमच्या गावात बर्फ पडायला लागलं की घरची माणसं उशी काखेत मारून खाली जायची आणि पाहुणे वर. आता नव्या घरांत तसं राहिलेलं नाही, पण माझ्या सासूच्या वयाच्या बायकांना विचारा. एकीनेही नाताळ स्वतःच्या पलंगावर काढलेला नाही.

सासूचं नाव फिलोमेना. सगळं गाव तिला मेना म्हणायचं, मीही इथे तेच म्हणते. ती शाळकरी पोर असताना डोंगरावर माणसं वर नेणारे दोरखंडाचे पाळणे फिरू लागले, मागोमाग स्की करणारे आले, आणि गावात हॉटेल होतं एक. मग ज्याने त्याने आपली झोपायची खोली झाडूनपुसून भाड्याने दिली. कुणाची पोरं गवताच्या माळ्यावर झोपली, कुणाची न्हाणीघरात. मेनाला बापाने तळघरात इस्त्रीच्या खोलीत धाडलं, बॉयलरच्या शेजारी. "बर्फ वितळेपर्यंत," असं म्हणाला. ते दर वर्षाचंच होऊन बसलं. नवरा घरजावई होऊन आला, तोही तिथेच झोपला. मुलगा लुइस तिथेच वाढला. त्याच्याशी लग्न करून मी आले तेव्हा आम्हाला पोटमाळा मिळाला. वर जायला शिडी.

मधल्या मजल्यावरची मोठी खोली मेनाच्या आईची. मेना तिथेच जन्मली. समोरच्या डोंगरापायी आमच्याकडचं ऊन नोव्हेंबरात जातं ते फेब्रुवारीच्या तोंडावर, मेणबत्त्यांच्या सणाला परततं. त्या दिवशी चर्चमधून वर्षाच्या मेणबत्त्या मंत्रून आणतात; घरात कुणाचे शेवटचे श्वास चालले की त्यांतलीच एक उशाशी लावतात. आमच्या घरात ते पहिलं ऊन त्या मोठ्या खोलीच्या खिडकीत पडतं, कॉफी होईस्तोवर टिकतं आणि जातं. इस्त्रीच्या खोलीची खिडकी जमिनीलगत, बर्फाने बुजलेली. म्हणजे जिची खोली, तिने लहानपणानंतर तिथलं परतीचं ऊन पाहिलंच नव्हतं. पाहुणे मात्र खाली येऊन सांगायचे, "काय ऊन पडलंय हो आमच्या खोलीत!" आमच्या खोलीत म्हणे! माझा तिळपापड व्हायचा. मी पलीकडच्या खोऱ्यातली. आमच्याकडे गाई असतात, पाहुणे नसतात.

पाहुण्यांत सगळ्यात मुरलेले म्हणजे दूरच्या बोखुम शहरातले कुलमान नवरा-बायको. तो ट्राम चालवायचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला तीन राजांचा सण आटोपला की सुट्टीवाले परततात आणि कार्निव्हलपर्यंत गाव ओस पडतं. त्या दिवसांना आम्ही जानेवारीचा खड्डा म्हणतो. ऊन नाही, हाडं गोठवणारी थंडी, खोल्या निम्म्या भावात. कुलमान नेमके त्या खड्ड्यात येऊन बसायचे आणि तो भरेपर्यंत हलायचे नाहीत. येताना गाडीत बटाटे, कॉफी, साखरसुद्धा. पाळण्याचा पास घ्यायचा तो दुपारचा, सकाळी स्की खांद्यावर टाकून पायी वर. डोंगरावरच्या खानावळीत दोघांत एक बार्लीचं सूप आणि दोन चमचे. गावाने त्यांचं नावच पाडलं होतं, दोन चमचे.

जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या स्वयंपाकघरात बसून पुढच्या वर्षाचा बेत करायचे. हिल्डे कुलमान हळूच विचारायची, "मेनाबाई, अजून एक आठवडा वाढवला तर परवडेल का हो आम्हाला?"

"वाढवा की! खड्डाच तो, रिकामाच असतो."

मेणबत्त्यांच्या सणानंतर सगळं गाव भाव चढवतं. मेनाने त्या दोघांना चढता भाव कधी लावला नाही.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेनाचं हृदय थकलंय, फार काळ ओढणार नाही. त्यानंतर आम्ही गवत गोळा करत होतो. मेना बांधावर बसून बघत होती. एकदम म्हणाली, "इर्मी, या हिवाळ्यात मी खाली जायची नाही. मला माझ्या खोलीत ऊन बघायचंय."

उभ्या आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. मी खोलीला रंग दिला, नवे पडदे शिवले. शेजारची छोटी खोली पाळण्यावरच्या कामगारांना मोसमभर देऊन टाकली. मोठी खोली मेनाची, विषय संपला.

ऑक्टोबरात फोन वाजला. मी कणीक मळत होते, मेनाने उचलला. बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "या ना, कुलमानसाहेब. खोली तुमचीच आहे ती."

मी पिठाच्या हातांनीच तिच्यापुढे उभी राहिले. "आई! काय बोललात तुम्ही?"

"हिल्डे गेली गं. जूनमध्ये."

"वाईट झालं. पण खोली नाही म्हणून सांगायचं होतं!"

"तो विचारत होता, एकट्याला काही कमी होईल का. रडत होता आणि भाव विचारत होता. त्याला कसं नाही म्हणू?"

"आणि तुमचं ऊन?"

"ऊन काय, पुढल्या वर्षी येईल."

पुढल्या वर्षी! मी परात आपटली. लुइसला म्हटलं, तू तरी बोल आईशी. लुइस म्हणाला, "आईने शब्द दिलाय." या घरातल्या पुरुषांना एवढं एक वाक्य बरं पाठ असतं. पोटमाळ्याची शिडी मेनाला चढवत नव्हती, नाहीतर मी तिला आमचाच पलंग दिला असता. बर्फ पडलं आणि मेना उशी घेऊन खाली गेली. जिन्यावर दोनदा बसली.

कुलमान आला तो निम्मा होऊन आला होता. डोंगरावरून एक कामगार सांगत आला, की खानावळीतल्या पोरीने सवयीने सुपाबरोबर दोन चमचे ठेवले, तर म्हाताऱ्याने दुसरा चमचा पुसून शेजारी ठेवला आणि तो जेवला. ऐकून माझा राग थोडा उतरला. पूर्ण नाही उतरला. मेनाचे पाय सुजत होते, आणि तिने बजावून ठेवलं होतं, कुलमानला कळता कामा नये.

मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी त्याचे बूट भिजले. ते बॉयलरपाशी वाळत ठेवावेत म्हणून तो न विचारता खाली उतरला. इस्त्रीच्या खोलीचं दार उघडं होतं. मी मेनाला सूप भरवत होते.

"मेनाबाई? इथे का झोपलाय तुम्ही? बरं नाही का?"

"हिवाळा आहे ना, म्हणून," मेना म्हणाली.

त्याला कळेना. मग मी कळवलं. कुणाची खोली, कुणाचा पलंग, ऊन, हृदय, सगळं त्याच्या तोंडावर फेकलं. मेना "इर्मी, गप गं" म्हणत राहिली, मी गप्प बसले नाही.

बूट हातात धरून तो उभा होता. "आम्हाला वाटायचं, तुमचं खाली छान घर आहे," म्हणाला. "हिल्डे म्हणायची, मेनाबाईंचं घर एकदा बघायला हवं."

वर जाऊन त्याने बॅग भरली आणि खाली आणून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. मेना जमेल तेवढी ओरडली. पाहुणा तळघरात? लोक काय म्हणतील? पण त्याने आणि लुइसने हातांची खुर्ची करून तिला उचललं. मी धावत पुढे जाऊन धुतलेल्या चादरी घातल्या. पलंगाच्या मधोमध झोपवलेली मेना सरकत सरकत कडेला गेली आणि अंग चोरून पडली.

"आई, नीट झोपा की! पलंग तुमचाच आहे."

"चादर चुरगळेल."

सकाळी मी चर्चमधून मेणबत्ती आणून तिच्या पलंगाशेजारच्या खणात ठेवली. ती शेवटी कशासाठी लावतात हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. कुलमान दाराशी उभा होता, आत पाऊल टाकत नव्हता. आणि डोंगरामागून ऊन आलं. आधी पडद्यावर, मग भिंतीवर, मग मेनाच्या हातांवर. तिने हात उलटसुलट करून पाहिले. हसली. मला वाटलं, चला, मिळालं एकदाचं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं ते परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"खोली छान आहे हो तुमची," ती अदबीने म्हणाली. "पण आम्हाला नाही परवडायची. खाली काही स्वस्तातलं आहे का?"

दारातून कुलमान म्हणाला, "जानेवारीचाच भाव आहे, बाई. तुम्ही निवांत राहा."

"ऊन आल्यावरसुद्धा?"

"ऊन आल्यावरसुद्धा."

"मग अजून एक आठवडा वाढवता येईल?"

"वाढवा की," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून जिना उतरून खाली गेला.

मेना आठवडाही राहिली नाही. मेणबत्ती मीच लावली. तिला नेल्यावर चादर काढायला गेले, तर कडेची एक वीतभर पट्टी तेवढी चुरगळलेली होती. बाकी सगळी चादर मी घातली तशीच, इस्त्रीच्या घड्यांसकट होती.