वळवलेली गाडी

अंजनगावच्या स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक माणसाशी बोलतच नाहीत, भोंग्यावर बोलतात. अख्ख्या स्टँडासमोर ड्रायव्हरला झापतात, "चहा ठेव खाली! अकोट गाडी काय तुया सासऱ्याची हाये?" भंगार गाड्या बदला, अशी आमच्या प्रवासी संघटनेची पत्रकं मी त्यांच्याच खिडकीवर डकवतो. ते फाडत नाहीत. "हवेपुरती जागा सोड," एवढंच म्हणतात.

परवा आडरस्त्याच्या गावाला जाणारी गाडी सुटायच्या आधीच बंद पडली. बारावीच्या पोरींचं परीक्षाकेंद्र तिथेच! पोरी रडकुंडीला आलेल्या. मी खिडकीवर मूठ आपटली, "हेच का तुमचं नियोजन?"

त्यांनी माईक ठेवला आणि थेट सुटायच्या बेतातल्या अकोट गाडीत चढले.

"राजेहो, या पोरायचा पेपर हाये. गाडी आतून वळवतो, तुमाले उशीर होईन. कोनाले अडचन?"

"मले कामं हायेत," एकजण कुरकुरला.

"तुयी पोरगी असती तं?" मागून एक म्हातारी कडाडली. "ने नं बाप्पा गाडी!"

पोरी चढल्या, गाडी सुटली. मी आनंदानं टाळ्याच पिटल्या!

"टाळ्या काहून वाजवून राहिला?" ते माझ्यावरच उखडले. "उद्या कोनाची गाडी वळवू? मोर्चा काढ!"

दुसऱ्या दिवशी आम्ही मोर्चा नेला, तर भोंगा चक्क गप्प. वरच्या मजल्यावर आगारप्रमुख साहेबांची खिडकी उघडी होती. आमच्या घोषणा तिथवर पोचाव्यात म्हणून हा माणूस गाडीगाडीपाशी जाऊन ड्रायव्हरच्या कानात सांगत होता, "चाल, काढ गाडी."