येळवशीसाठी साफ केलेला बांध

"अप्पा, थुंका! आधी थुंका!"

मी असा ओरडलो की पाटाकडच्या टिटव्या उडाल्या. माझ्यामागं नेचर वॉकला आलेली शहरातली मंडळी स्तब्ध. अप्पांनी सावकाश चावलं, मान डोलावली आणि मगच थुंकले.

"ग्वाड हाय की सर."

गोडच असणार. कामोणी होती ती. वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं गुडघाभर झुडूप. वाटाण्यापेक्षा लहान फळं, घोसानं लागतात. हिरवी असताना विषारी, पिकून काळी झाली की खायची. मी उमरग्यात बॉटनी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना रानमेवा ओळखायला शिकवतो. डोक्यावर टोपी, हातात काठी, थोडं नाटक. 'विष' म्हणताना मी आवाज खाली आणतो. लोकांच्या अंगावर काटा येतो, मला मजा येते.

त्या दिवशी मात्र नाटक नव्हतं.

माकणीजवळ बसवराज अप्पांचं शेत. त्यांनी नुकतंच ॲग्रो टुरिझम सुरू केलेलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवतं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ओढून आणून भज्जी-आंबील वाढतात. अप्पांनी पुण्या-सोलापूरचे पाहुणे बोलावले आणि जेवणाआधी माझा वॉक ठेवला. आठवडाभर आधी मी रेकी करून आलो, म्हणजे कुठं काय पिकलंय ते बघून आलो. पाटाच्या कडेचा बांध कामोणीनं गच्च भरलेला. मी आनंदानं पुण्याच्या शकुंतलाकाकूंना फोन लावला.

काकू याच शिवारात वाढल्या. त्यांचा थोरला भाऊ पुण्यात अंथरुणाला खिळलेला. अन्नाला तोंड लावत नव्हता. मागायचा ती एकच गोष्ट, लहानपणीची कामोणी.

"या काकू," मी ऐटीत म्हणालो होतो, "डबा मोठा आणा."

त्यांनी मोठाच आणला.

बांधावर पोचलो तर फळं टपोरी, काळीभोर. पण पानं पिवळी पडून मुडपलेली. शेजारचं हराळीचं गवतही पिवळं, आणि तेही सरळ रेषेत. रोगानं झाडं अशी रांग धरून मरत नाहीत. काकू तोवर खाली बसून भराभरा खुडत होत्या.

"अप्पा, इथं काय मारलंत?"

"तणनाशक!" अप्पा अभिमानानं म्हणाले. "येळवस हाय, पाव्हणे यायलेत. बांध काय तसाच घाण ठिवू? सोत्ता पंप पाठीवर घेतला."

"अहो, या फळांवर पडलंय ते!"

"तणाचं औषध हाय सर, माणसाचं न्हाय." आणि मला पटावं म्हणून त्यांनी एक कामोणी तोंडात टाकली. तेव्हाच मी तसा ओरडलो.

अप्पांना चुळा भरायला लावल्या. मग काकूंकडं वळलो.

"काकू, डबा रिकामा करा."

"मिठाच्या पाण्यात धुऊन घेते की."

"हे औषध झाडाच्या आतपर्यंत जातं. धुऊन निघत नाही."

"वाटीभरच नेते. त्याला आता काय व्हायचं राहिलंय, सर?"

मी डबा त्यांच्या हातातून घेतला, खड्ड्यात उपडा केला आणि पायानं वर माती लोटली. काकूंनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं. अप्पा मात्र लहान पोरासारखे म्हणाले, "म्या पाव्हण्यांसाठीच केलं ना, सर."

वॉक तिथंच संपला. अप्पांना त्यांच्या घरच्यांनी लगेच उमरग्याच्या डॉक्टरांकडं नेलं. काकूंना गाडीत घालून मी आसपासचे बांध पालथे घातले. प्रत्येक शेतातून हाका: "ओ सर, असं कसं जाता? दोन घास खाऊन जावा!" नाही म्हटलं तर अपमान. आणि प्रत्येक बांध आरशासारखा लख्ख. कुठं जेसीबीनं कोरलेला, कुठं फवारलेला. भरल्या पोटानं आणि रिकाम्या हातानं आम्ही फिरत राहिलो. शेवटी एका विहिरीमागं एक झुडूप हिरवंगार मिळालं. मी धावलोच. फळंही हिरवीगार.

काकूंनी घोस उलटा करून पाहिला आणि सोडून दिला. "हिरवी चालत नाही," त्याच मला म्हणाल्या.

अप्पांना काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला.

"भावाला सांगितलं, कामोणीचा हंगाम संपला. खोटं बोलले हो, सर."

"खोटं कुठं, काकू? संपलाच."

आता कुणी वॉकला बोलावलं की मी आधी झाडांचं विचारत नाही. एवढंच विचारतो, "पाहुण्यांसाठी काय काय साफ केलंय?" मालक हौसेनं सांगत जातो, आणि मी त्या रविवारी घरी बसतो.