खुर्शिद फुफूचं लॅटिन

यवतच्या खुर्शिद फुफूला गप्प बसवणं आजवर कुणालाच जमलेलं नाही, आणि त्या शनिवारी तेच आमच्या मुळावर आलं.

फुफू म्हणजे माझी विद्यार्थिनी बुशरा हिची आत्या. चाळीस वर्षं गल्लीतल्या पोरींना अरबी शिकवते. तिची पद्धत एकच. क्रियापदाची सगळी रूपं, ज्याला ती गरदान म्हणते, डोलत डोलत मोठ्यानं म्हणायची. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. बुशराला इटलीतल्या एका विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकायचा होता. त्यासाठी आधी प्राथमिक लॅटिनची तोंडी परीक्षा, तीही एकदाच. चुकली तर जागा दुसऱ्याला. मी दौंडला कॉलेजात इतिहास शिकवते, पण लॅटिनच्या नावानं माझीही पाटी कोरीच. मग पुस्तक मागवलं आणि पोरीला फुफूसमोर घोकायला बसवलं. दोन महिने चपात्या लाटताना त्या घरात एकच चाललेलं: आमो, आमास, आमात. बुशरा अडखळली की फुफू पोळपाटावर लाटणं आपटायची.

परीक्षा त्याच घरी, लॅपटॉपवर होती, दुपारी चारला. परीक्षकबाई इंग्रजीत बोलत होत्या, चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. पहिल्याच प्रश्नाला बुशरा डोळे मिटून डोलायला लागली. उत्तर बरोबर आलं, दुसरंही आलं. तिसऱ्याला मागून पुटपुटणं ऐकू आलं, तसा बाईंनी हात वर केला.

"खोलीत आणखी कोण आहे? कॅमेरा फिरवा."

माझ्याशेजारी फुफू बसलेली, हातात तसबीची माळ आणि ओठ हलतायत.

"माझ्या मॅडम आणि आत्या. आत्या दुआ मागतेय, तिला लॅटिन येत नाही," बुशरा म्हणाली.

फुफूला एवढंच कळलं की भाचीवर कुणीतरी संशय घेतंय. ती उठली, पदर सारखा केला. "पोरगी चोर न्हाई. म्या घोकून घेतलंय तिच्याकडनं," असं म्हणत तिनं खणखणीत आवाजात आमोची अख्खी गरदान म्हणून दाखवली. एक रूप चुकलं नाही. मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं.

बाईंनी चष्मा काढला. "त्या दोघींना बाहेर पाठवा. दार लावा. आता वेगळं क्रियापद देते."

बाहेर फुफूनं दाराला कान लावला. "मॅडम, माझ्यामुळं गेलं का वो सगळं?"

मला इतका राग आला होता की बोलले असते तर वाईट बोलले असते.

आतून बाईंनी क्रियापद दिलं, "दोर्मियो." हे या घरात कधीच घोकलेलं नव्हतं. नुसता साचा ओळखून रूपं चालवायची होती. फुफूचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

मग बुशराचा आवाज आला. "दोर्मियो. दोर्मिस. दोर्मित..." सहावं, शेवटचं रूप झाल्यावरच ती थांबली.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "प्रवेशाची कागदपत्रं पाठवून द्या."

फुफू दारापासून बाजूला झाली. डोळे भरले होते.

"ही गरदान मला येत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "ही तिची तिनं म्हटली."